ओसाड गड आणि नांदता वाडा

इंग्रजी वाङ्मयाच्या वर्गावर ‘ऑट्रॅन्टोचा किल्ला’ ही कादंबरी शिकवितांना अध्यापकाला एक अडचण हटकून येते. अगदीं आरंभींच, लग्नाच्या मुहूर्तावर, एक अवाढव्य शिरस्त्राण किल्ल्याच्या चौकांत कोसळतें आणि नवरा मुलगा त्याखालीं चिरडून मरतो. ही वेळ भिण्याची. पण वर्ग हसतो. गेलीं पंचवीस-तीस वर्षें नाशकांत हा अनुभव मला चुकलेला नाहीं. मागें एकदां असें हसून झाल्यावर शेवटच्या बांकावरील एका विद्यार्थिनीनें विचारलें, “सर, किल्ले तर आपल्याकडे हवे तेवढे आहेत. मग असली कादंबरी आपल्याकडे कां झाली नाहीं?” मीं त्या वेळीं दिलेलें उत्तर पुस्तकी होतें. आपलें गद्य उशिरां वाढीस लागलें, तें वाढीस लागलें तोंच सुधारणेचे वाद सुरू झाले, आणि भुताखेतांना सवड राहिली नाहीं, असें कांहींसें मीं सांगितलें. घंटा झाली. घरीं जातांना गंगापूर रस्त्यावर आनंदवल्लीपाशीं आलों आणि आपण त्या मुलीला चुकीचें सांगितलें, असें एकदम मनांत आलें. पुढील मजकूर त्या चुकीची दुरुस्ती समजावी.

होरेस वॉल्पोलनें हें पुस्तक १७६४ च्या नाताळांत काढलें, तें स्वतःचें नांव न घालतां. एका जुन्या इटालियन ग्रंथाचें हें भाषांतर आहे अशी त्यानें बतावणी केली. पुस्तक लोकांना आवडलें तेव्हां दुसऱ्या आवृत्तींत कबुली दिली आणि ‘गॉथिक कथा’ हे शब्द मुखपृष्ठावर घातले. जिन्याच्या कठड्यावर चिलखतांतला एक प्रचंड हात स्वप्नांत दिसला आणि त्यावरून कथा सुचली, असें त्यानें एका स्नेह्याला लिहिलें आहे. हा गृहस्थ लंडनजवळ हौसेनें जुन्या थाटाचें घर बांधून राहणारा. तेव्हां त्याचें भूतही थोडें हौशी असावें यांत नवल नाहीं. परंतु शिरस्त्राणावर हसून पुस्तक मिटणारा वाचक मुख्य गोष्ट हातची घालवितो. मॅन्फ्रेड ज्या किल्ल्यांत राजा म्हणून राहतो तो किल्ला त्याचा नाहीं. त्याच्या आजानें खऱ्या धन्याला विष घालून तो बळकाविलेला आहे. मुलगा मेल्यावर वंश बुडूं नये म्हणून मॅन्फ्रेड मुलाच्याच नियोजित वधूशीं लग्न लावूं पाहतो. ती पोर भुयारांतून पळते. आणि शेवटीं अंधारांत तीच समजून तो आपल्या पोटच्या मुलीवर कट्यार चालवितो. शिरस्त्राण काय, चौकटींतून उतरणारी तसबीर काय, या साऱ्या त्या जुन्या पापाच्या वसुलीच्या चिठ्ठ्या आहेत. बापजाद्यांचें पाप मुलानातवंडांना फेडावें लागतें, हें कथेचें मूळ. भूत हें केवळ निमित्त.

तीस वर्षांनीं, १७९४ मध्यें, ॲन रॅडक्लिफ या बाईनें ‘उडॉल्फोचीं रहस्यें’ लिहून हाच किल्ला अधिक राहता केला. तिची एमिली ही पोरकी मुलगी. आत्याचा नवरा मॉन्टोनी तिला इटलीच्या डोंगरांतील एकाकी किल्ल्यांत नेऊन ठेवतो, आणि त्याचा डोळा बायकांच्या मिळकतीवर आहे. रॅडक्लिफबाईंनीं त्या वेळेपावेतों इटली पाहिलेली नव्हती. ती त्यांनीं चित्रांवरून व प्रवासवर्णनांवरून उभी केली. पण स्त्रीला घरांत कोंडतात तें कशासाठीं, हें समजण्यास त्यांना इटलीस जाण्याची गरज नव्हती. भयाचे त्यांनीं दोन प्रकार सांगितले आहेत. एकानें चित्त विस्तारतें, कारण जें दिसत नाहीं त्याकडे तें धांव घेतें. दुसऱ्यानें चित्त आकसून जातें, कारण किळसवाणी वस्तु प्रत्यक्षच समोर असते. आपल्या साहित्यशास्त्राच्या भाषेंत म्हणावयाचें तर पहिला भयानक आणि दुसरा बीभत्साकडे झुकणारा. उडॉल्फोंत एक काळा पडदा आहे. एमिली तो उचलते आणि मूर्च्छित पडते. आंत काय होतें हें वाचकाला शेंकडों पानें कळत नाहीं, आणि कळतें तेव्हां तो मेणाचा पुतळा निघतो. या ठिकाणीं चरफडला नाहीं असा वाचक मला भेटलेला नाहीं. हा पडदा ध्यानांत ठेवावा. पुढें त्याचें काम आहे.

आतां त्या मुलीच्या प्रश्नाकडे वळतों. किल्ले आपल्याकडे खरोखरीच हवे तेवढे आहेत. एकट्या नाशिक जिल्ह्यांत साल्हेर आहे, मुल्हेर आहे, धोडप, रामसेज, हरिहर, अंकाई-टंकाई आहेत. साल्हेर १५६७ मीटर उंच. महाराष्ट्रांत याहून उंच किल्ला नाहीं. हरिहरच्या उभ्या कड्यांत खोदलेल्या पायऱ्या चढतांना पाठीमागें पाहण्याची ज्यानें चूक केली आहे त्याला भय म्हणजे काय हें रॅडक्लिफबाईंनीं शिकविण्याची गरज नाहीं. पावसाळ्यांत ढग खालीं उतरतात, टांक्यांचें पाणी काळें दिसतें, पडक्या दरवाजांतून वारा घोंगावतो. सामग्री सारी सिद्ध आहे. आणि तरी या गडांवर भूत बसत नाहीं.

याचें कारण मला असें दिसतें कीं आपल्या गडाला घराचा धनी असा नव्हताच. शिवकालीन व्यवस्थेंत गडावर हवालदार, सबनीस, सरनोबत असे अधिकारी, एकमेकांवर नजर ठेवणारे. कोणा एकाच्या हातीं सारें नाहीं, आणि ठरावीक वर्षांनीं बदली. पुढें पेशवाईंत ही शिस्त सैल झाली हें खरें. तरी गड सरकारचा, किल्लेदाराच्या बापाचा नव्हे, ही समजूत गेली नाहीं. ज्या घरचा मनुष्य कांहीं वर्षांनीं बदलून दुसऱ्या गडावर जातो त्या घराला शाप चिकटावा कसा? शापाला तीन पिढ्यांचा मुक्काम लागतो. मामलेदार कचेरीला कोणी झपाटलेली म्हणत नाहीं, त्यांतलाच हा प्रकार. शिवाय गडाची आपल्या मनांतली आठवण अभिमानाची आहे. रामसेजनें १६८२ पासून कित्येक वर्षें औरंगजेबाच्या फौजांना दाद दिली नाहीं, ही गोष्ट आमच्याकडे पोरासोरांना ठाऊक. गडावर पोवाडा उगवतो, भयकथा उगवत नाहीं. कारण भयकथेला लाज लागते. १८१८ मध्यें त्र्यंबकचा किल्ला पडल्यावर आसपासचे गड एकामागून एक इंग्रजांच्या हवालीं झाले, कित्येकांच्या वाटा व पायऱ्या सुरुंगानें उडविण्यांत आल्या, आणि गड ओस पडले. ओस पडलेल्या जागीं माणूस हळहळतो. भितो तो नांदत्या जागीं.

मराठी कादंबरीकारांची याबाबतची धडपड पाहण्यासारखी आहे. रामचंद्र भिकाजी गुंजीकरांची ‘मोचनगड’ १८७१ ची. मराठींतील पहिली ऐतिहासिक कादंबरी म्हणून तिचा मान आहे. तिचें नांवच बोलकें आहे. मोचन म्हणजे सुटका. इंग्रजी कथेंतला किल्ला कोंडण्यासाठीं, आणि आमच्या पहिल्याच कादंबरीगडाच्या नांवांत मोकळें होणें! त्याच्या थोडें आधीं हळब्यांची ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि रिसबुडांची ‘मंजुघोषा’ (१८६८) येऊन गेल्या होत्या. नारो सदाशिव रिसबुडांनीं ‘मंजुघोषे’च्या प्रस्तावनेंत मोठ्या प्रांजळपणें अडचण सांगितली आहे: आमच्या लोकांचें आयुष्य असें चाकोरींतलें, लग्नें आईबापांनीं ठरविलेलीं, साहसाला वाव नाहीं, तेव्हां जसें आहे तसें लिहिलें तर तें कोण वाचणार, अद्भुताचाच आश्रय करावयास हवा. या प्रस्तावनेला आजवर बरेच लोक हसले आहेत. मीही वर्गांत हसलों आहें. आतां वाटतें कीं रिसबुड अर्धेच चुकले. अद्भुत हवें हें त्यांचें म्हणणें बरोबर होतें. चाकोरींत अद्भुत नाहीं, हें चूक.

पुढें रेनॉल्ड्सच्या भाषांतरांची लाट आली आणि भुयारें, मुखवटे, विषाचे पेले यांचा मराठींत सुकाळ झाला. नाथमाधवांच्या ‘वीरधवल’वर (१९१३) दोन पिढ्यांनीं रात्री जागविल्या. हे नाथमाधव, म्हणजे द्वारकानाथ माधव पितळे, शिकारीला गेले असतां सिंहगडावरून पडले आणि कमरेखालीं लुळे होऊन पुढें अंथरुणावरून लिहीत राहिले. गडानें ज्याचें शरीर मोडलें त्या लेखकानें तरी एकदां गडाकडे भयाच्या डोळ्यांनीं पाहावयाचें होतें. पण त्यांनीं अंथरुणांत पडून रम्य साहसेंच रंगविलीं, आणि त्या धैर्याबद्दल त्यांना नांवें ठेवण्याचा मला अधिकार नाहीं. एवढें मात्र खरें कीं या साऱ्या वर्गानें इंग्रजी कथेचें सामान आणलें आणि पाप मागें ठेवलें.

नाट्यशास्त्रांत भरतानें भयानकाचीं कारणें मोजलीं आहेत. त्यांत ओसाड घर आणि अरण्य येतें, घुबडा-कोल्ह्यांची ओरड येते. तें आपण सर्व लक्षांत ठेवतों. पण त्याच यादींत स्वजनांचा वध किंवा बंधन पाहणें-ऐकणें येतें, आणि वडीलधाऱ्यांचा वा राजाचा अपराध हातून घडणें येतें. ही यादी मी परीक्षेसाठीं पाठ केली होती. तिचा अर्थ कळण्यास मात्र पन्नाशी उलटावी लागली. वॉल्पोल आणि रॅडक्लिफ या दोघांचीं कथानकें मिळून या यादीच्या बाहेर फारसें कांहीं उरत नाहीं. ओसाड घर वगळलें तरी यादीचा जीव जात नाहीं. स्वजन वगळले तर जातो.

स्वजन कोठें राहतात? गडावर नव्हे, वाड्यांत. म्हणून आनंदवल्लीपाशीं माझें पाऊल अडखळलें. राघोबादादा पुण्याच्या कारभारावर रुसून नाशकास येऊन राहिला, तेव्हां गोदाकांठच्या एका खेड्याला त्यानें बायकोचें नांव देऊन तेथें वाडा केला. तो काळ १७६० नंतरच्या दशकांतला, म्हणजे वॉल्पोलला स्वप्नांत चिलखती हात दिसला त्याच सुमाराचा. पुढें ३० ऑगस्ट १७७३ रोजीं, गणेशोत्सवाच्या दिवसांत, शनिवारवाड्यांत गारद्यांनीं नारायणराव पेशव्याला मारलें. पोरगा धांवत जाऊन चुलत्याच्याच गळ्यांत पडला होता. ‘ध’ चा ‘मा’ आनंदीबाईनें केला अशी आख्यायिका आहे; तिला अस्सल कागदाचा आधार नाहीं, पण आख्यायिका नेमक्या कोणत्या ठिकाणीं बोट ठेवते हें पाहावें. तिला तलवार सुचली नाहीं, विषही सुचलें नाहीं. घरांतल्या बाईच्या हातचें एक अक्षर सुचलें. नंतरची हकीकत वॉल्पोललाही इतकी चोख जुळवितां आली नसती. मेलेल्याचा मुलगा बापाच्या मागें जन्मला, गादीवर बसला, आणि १७९५ मध्यें त्याच वाड्यांत वरून पडून मेला. आनंदीबाईनें वैधव्याचीं वर्षें आधीं कोपरगांवास व मग आनंदवल्लीस काढलीं आणि १७९४ मध्यें ती वारली. राघोबाच्या मुलाला अखेर पेशवाई मिळाली, आणि १८१८ मध्यें त्याच्याच हातून ती गेली. आपले गड ओस पडले ते त्या वर्षीं. वाड्यांतल्या एका रात्रीचा हिशेब साऱ्या गडांनीं चुकविला, हें इतिहासकाराला मान्य होणार नाहीं, आणि होऊंही नये. पण कथाकाराच्या हातीं याहून मोठें कथानक आपल्या भूमीनें ठेवलेलें नाहीं. शनिवारवाडाही १८२८ मध्यें जळाला. त्यांतून पोराची हांक ऐकूं येते असें लोक म्हणतात. साऱ्या महाराष्ट्रांत सर्वांना ठाऊक असलेलें भूत बहुधा हें एकच, आणि तें वाड्यांत आहे.

खाडिलकरांनीं १९०९ मध्यें ‘भाऊबंदकी’ लिहून या विषयाला हात घातला. नाटक बलदंड आहे. राघोबाच्या मनाची ओढाताण आणि आनंदीबाईचा हव्यास यांवर ‘मॅक्बेथ’ची छाया पडलेली आहे, आणि ती शोभते. परंतु खाडिलकरांना भय नको होतें, न्याय हवा होता. त्यांचा रामशास्त्री देहान्त प्रायश्चित्त सांगतो आणि प्रेक्षक त्याच्याबरोबर ताठ मानेनें घरीं जातो. परकी सत्ता डोक्यावर असतां नाटककारानें हें करावें हें योग्यच झालें. पण वाड्यांतला अंधार तसाच राहिला.

तो अंधार मराठींत ज्यानें खरोखर दाखविला त्याला आपण भयकथाकार म्हणत नाहीं, आणि माझा वाद येथेंच आहे. हरि नारायण आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो?’ १८९० पासून ‘करमणुकी’ंत येऊं लागली आणि १८९३ मध्यें पुस्तकरूपानें निघाली. आम्ही ती सामाजिक कादंबरी म्हणून शिकवितों, स्त्रीशिक्षण आणि केशवपन यांवर प्रश्न काढतों, आणि दहा गुणांचीं उत्तरें तपासतों. पण एकदां शेजारीं उडॉल्फो ठेवून ती वाचावी. यमू ही एमिलीच. नवऱ्यानें तिला वाचावयास शिकविलें, मुंबईस कांहीं दिवस सुखाचे गेले, आणि नवरा गेला. त्यानंतर ती पुन्हा त्या घरांत येते. शंकरमामंजी हा मॉन्टोनीच. फरक इतकाच कीं मॉन्टोनी तलवार बाळगतो आणि शंकरमामंजी सोंवळें. मॉन्टोनीचा किल्ला डोंगरांत एकाकी आहे, म्हणून एमिलीची हांक कोणाला ऐकूं जात नाहीं. यमूचें घर भर पुण्यांत, दोहों बाजूंनीं शेजार, पंगतीला माणसें. तिची हांक सर्वांना ऐकूं जाते. येथें भयाची जात बदलते. एकांत हा कोसांवर मोजावयाचा असतो ही युरोपीय कथाकारांची समजूत हरिभाऊंनीं मोडून काढली. वीस माणसांत जेवावयास बसलेल्या मुलीभोंवतीं त्यांनीं जो निर्जनपणा उभा केला आहे, तसा आपेनाइन पर्वतांत नाहीं.

आणि तो पडदा. यमूचे केस जबरदस्तीनें काढविले जातात. आलवणाचा पदर कपाळापर्यंत ओढलेली बाई हा आमचा काळा पडदा होता. तो घरोघरीं माजघरांत वावरत असे आणि कोणी तो उचलून पाहत नसे. हरिभाऊंनीं उचलला. रॅडक्लिफबाई पडदा दूर करून म्हणतात, भिऊं नका, मेण आहे. रहस्याचा उलगडा झाला म्हणजे त्यांचें भय विरतें. हरिभाऊंच्या कादंबरींत रहस्य असें नाहींच. पहिल्यापासून सर्व उलगडलेलें आहे, सर्व रीतीप्रमाणें आहे, त्याला शास्त्राधार आहे, न्हावी ठरलेला आहे. उलगड्यानें भय वाढतें अशी ही कथा.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाहीं. प्रत्यक्ष अन्यायाला भयकथा म्हणणें म्हणजे त्याची करमणूक करणें नव्हे काय? हरिभाऊंचा हेतु सुधारणेचा होता, रोमांच उठविण्याचा नव्हता. मला हें मान्य आहे. हरिभाऊ उपदेशाला बसतात त्या पानांवर भय पार विरून जातें, आणि अशीं पानें थोडीं नाहींत. कादंबरी लांबली आहे हेंही खरें. परंतु केशवपन गेलें. ती चाल जाऊनही पुस्तक जिवंत आहे, तें उपदेशाच्या बळावर खासच नव्हे. ऑट्रॅन्टोवर हसणारा माझा वर्ग यमूच्या त्या प्रकरणाला हसत नाहीं. ज्यांनीं आलवण डोळ्यांनीं पाहिलेलें नाहीं अशीं हीं मुलें. त्यांना तेथें सुधारणेचा प्रश्न दिसत नाहीं. दार लागल्याचा आवाज तेवढा ऐकूं येतो.

अलीकडच्यांविषयीं थोडक्यांत. नारायण धारपांनीं (१९२५–२००८) भयकथेला मराठींत स्वतंत्र वाचकवर्ग मिळवून दिला. ‘लुचाई’सारखीं त्यांचीं कांहीं कथानकें सरळ अमेरिकेहून आलेलीं आहेत आणि त्यांची भाषा पुष्कळदां घाईची आहे, पण जुनें घर आणि त्यांतली म्हातारी माणसें यांजकडे ते वळले कीं त्यांचा हात स्थिर होतो. २०१८ मध्यें आलेला राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ हा चित्रपट हिंदी भाषेंत असला तरी त्याची माती कोंकणची आहे. त्यांतही वाडा, साखळीनें बांधलेली म्हातारी, आणि बापाकडून मुलाकडे उतरणारा लोभ. कोणाही जाणत्या माणसानें त्या कथेला गड दिला नसता.

जुन्या नाशकांत आमचा एक वाडा होता. माजघराच्या मागें एक खोली होती, तींत दिवसाही दिवा लागे. लहानपणीं आम्हां मुलांना सांगितलेलें होतें कीं तिकडे जाऊं नये, तेथें हडळ आहे. तेथें माझ्या आजीची आत्या राहत असे; आलवण नेसणारी मीं पाहिलेली ती पहिली आणि शेवटचीच बाई. जेवण झाल्यावर ती आम्हांला चिंचोके देई आणि आम्ही ते घेऊन पळत असूं. ती गेली तेव्हां मी सात-आठ वर्षांचा असेन. पुढें वाडा पाडावयाचा ठरला. लांकूड चांगलें होतें, म्हणून दारें आधीं उतरवून घेतलीं, आणि तीं मोजून देण्याचें काम माझ्याकडे आलें. त्या खोलीच्या दाराला आंतल्या बाजूस कडी नव्हती. बाहेरच्या बाजूस होती. पितळेची, वापरून गुळगुळीत झालेली.